डोळा मिटवणारी स्ट्रॉबेरी

एका जंगलात, मुलांनो, झिपराक्का नावाची अस्वलीण राहायची. जंगल कुठलं ते विचारू नका. पत्ता सांगितला की लोक तिथं रिसॉर्ट बांधतात.

झिपराक्काने डोंगरउतारावर स्ट्रॉबेरी लावली होती. नखांनी वाफे ओढले, रोपांखाली गवत अंथरलं, झऱ्याचं पाणी तोंडात भरून आणून घातलं. कार्तिक संपत आला तेव्हा फळं दिसू लागली. टोकाला गुलाबी, देठाशी पांढरी. तिने एक चाखली. ती इतकी आंबट होती की तिच्या अंगावरचे सगळे केस उभे राहिले. ते खाली बसवायला अर्धा दिवस गेला.

तेवढ्यात मुंगूसशेठ आला. जंगलातली सगळी फळं तोच विकायचा.

"आक्का, माल काढा. उद्या दरबारात पाहुणे आहेत."

"शेठ, अजून थंडी कुठं पडलीय? पौष येऊ द्या, नुसती साखर होईल."

"पौषात सगळ्यांकडेच असते हो! आत्ता कुणाकडे आहे?"

"पण आंबट आहे."

"आंबट नाही म्हणायचं. आगाप म्हणायचं, हंगामाआधीचा माल."

झिपराक्काला हे पटलं नाही. पण ती विचार करेपर्यंत शेठने पाच टोपल्या भरल्यासुद्धा. लालसर फळं वर, पांढरी खाली.

दुसऱ्या दिवशी दरबारात ती अगदी मागे, खांबाआड उभी राहिली. सिंहमहाराजांनी एक फळ तोंडात टाकलं. त्यांचा डावा डोळा गच्च मिटला. समोर शेजारच्या जंगलातून आलेली हत्तीण बसली होती. तिला वाटलं, महाराजांनी डोळा मारला. ती लाजली.

झिपराक्काला घाम फुटला. आता आपलं कातडं दरबारात अंथरणार!

पण पाहुण्यांसमोर फजिती कशी कबूल करायची? महाराज म्हणाले, "वा! खानदानी चव आहे. डोळाच मिटतो."

मग सगळ्या दरबाराने डोळा मिटला. गाढवाने तर दोन्ही मिटले. त्याला जागच्या जागी बढती मिळाली.

आठवडाभरात सारं जंगल एक डोळा मिटून फिरू लागलं. ससे झाडांवर आपटले, माकडांच्या फांद्या चुकल्या, पण आंबट आहे असं कुणी म्हणालं नाही.

मग पौष आला. कडाक्याची थंडी पडली आणि फळं लालभडक झाली. बोट लावलं तर रस ओघळे. झिपराक्काच्या मनावरचं ओझं उतरलं. सगळ्यात चांगली टोपली भरून ती धावतच दरबारात गेली.

"महाराज, खरी स्ट्रॉबेरी आता आलीय!"

महाराजांनी एक खाल्ली. मग दुसरी खाल्ली. डोळा उघडाच राहिला.

"मिटत नाही," ते काळजीने म्हणाले.

दर्जा तपासायला एक वानर नेमलेला होता. त्याने खात्री करण्यासाठी अकरा खाल्ल्या. मग खात्रीची खात्री म्हणून आणखी सात.

"महाराज, माल उतरलाय. एकदाही डोळा मिटला नाही."

"पण गोड आहे ना?" झिपराक्का रडवेली झाली.

"तीच तर तक्रार आहे, आक्का," मुंगूसशेठ म्हणाला. "घेऊन जा परत."

डोळे पुसत ती घरी आली. नवरा गुहेच्या दारात ऊन खात बसला होता.

"परत पाठवली?"

"सगळी."

"सगळी?" तो टुणकन उठला.

दोघं अख्खा पौष बागेत बसून खात राहिली. इतकी की शेवटी गुहेचं दार रुंद करावं लागलं.

पुढच्या वर्षी झिपराक्काने आश्विनातच हिरवी फळं तोडून दिली. एका फळात महाराजांचे दोन्ही डोळे मिटले. कानसुद्धा मिटले असं म्हणतात. 'उत्तम बागायतदार' म्हणून तिचा भर दरबारात सत्कार झाला. दोन शब्द बोला, असा आग्रह झाला.

झिपराक्का हात जोडून म्हणाली, "एवढीच विनंती, पौषात माझ्या बागेकडे कुणी फिरकू नका. तेव्हा माल फारच वाईट असतो."

टाळ्यांचा कडकडाट झाला.

तात्पर्य : धीराचं फळ गोड असतं, म्हणूनच ते खपत नाही. ज्यांना सत्कार हवा त्यांनी कच्चं तोडावं. ज्यांना स्ट्रॉबेरी हवी त्यांनी नापास व्हावं.