हेमांगीबाई सबनीस यांचे सातवे दिवसाची हकीकत

श्री प्रयोगदेवता प्रसन्न. आज्ञा जाहली की, घडले ते लिहून ठेवावे. सेवकाचा हात थकला आहे, तरी आज्ञा मोडवत नाही, म्हणोन लिहितो. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, आश्विन मासी, एक राज्य होते, त्याचे नाव सांगून उपयोग नाही, आणि तेथे रोगप्रतिकारशास्त्राची प्रयोगशाळा होती, आणि त्या शाळेत डॉक्टरेट मिळवूनही पुन्हा उमेदवारीच करणारे पंडित होते, त्यांस पोस्टडॉक म्हणत. त्यांपैकी हेमांगीबाई सबनीस सहा वर्षे उंदरांस लस टोचीत आणि त्यांचे रक्त तपाशीत आल्या होत्या. चैत्रात त्यांची मुदत सरत होती. विद्यापीठांकडे तीन साले अर्ज धाडिले, उत्तर एकाचेही आले नाही, मग राहता राहिला औषधांचा कारखाना.

तेव्हा मुख्य आचार्य दिगंबरपंत खांबेटे यांनी मनावर घेऊन मुलाखतीची तालीम मांडिली. विद्यापीठात आधी शंका बोलावी आणि मग पुरावा द्यावा. कारखान्यात आधी निष्कर्ष सांगावा आणि तोही पाच मिनिटांत. बाईंस सवय शंकेची. पंत म्हणाले, "औषध चालेल का विचारलं, तर उंदरांत चाललं म्हणून थांबायचं. पुढे 'परंतु' नको." बाई म्हणाल्या, "परंतु सर, ते खरं आहे." पंत मान हलवून पुन्हा पहिल्यापासून सुरू करिते जाहले. ऐसे तीन मास चालले, आणि बाईंचे 'परंतु' एकदाचे सुटले.

मग पौषात कारखान्याचे पत्र आले की, पत्र पावल्या दिवसापासून सातवे दिवशी सकाळी मुलाखतीस हजर व्हावे. बाई हर्षल्या आणि कॅलेंडरावर बोट ठेवून मोजू लागल्या. आता या शास्त्राची रीत ऐसी की, लस टोचिली तो दिवस शून्य धरावा, दुसरे दिवशी एक म्हणावे, आणि तेथून सातवे दिवशी रक्त काढावे. सहा वर्षे बाईंनी ऐसेच मोजिले होते. पत्र आले तो दिवस त्यांनी शून्य धरिला. पंतांनी ताडून पाहिले, बाकीच्या पोस्टडॉकांनी पाहिले, आणि एकासही चूक दिसली नाही, कारण सारे एकाच शाळेतले.

ठरल्या दिवशी बाई अर्धा तास आधीच दाखल जाहल्या. कारखान्याचे कारभारी कागद पाहून म्हणाले, "मॅडम, मुलाखती काल झाल्या. जागा भरली."

"आज सातवा दिवस आहे."

"आठवा. पत्र मिळालं तो पहिला धरायचा ना? बारशाचे दिवस कसे मोजतो आपण?"

बाईंनी 'परंतु' म्हणावयास तोंड उघडिले आणि मिटिले.

बाई परतल्यावर पंतांनी कॅलेंडरावर बोट ठेवून पुन्हा मोजिले. मग म्हणाले, "मीही तसंच मोजलं, बाई. माझंही चुकलं."

"नाही सर. आपल्या इथे ते बरोबरच आहे," ऐसे बोलून बाई ऍप्रन चढवून उंदरांच्या खोलीत गेल्या.

सारांश, तालीम उत्तम जाहली, सर्व काही शिकविले, आणि मोजणे येतेच म्हणोन कोणी विचारिले नाही. चैत्रास दोन मास उरले होते. बाईंनी उंदरांस लस टोचिली, वहीचे नवे पान काढिले, तारीख घातली, आणि खाली लिहिले, दिवस शून्य.