तक्त्यातला मधला गोल

“आभार मानताना देवाच्या पाया पडल्यागत एकेक नाव घ्यायचं, पोरी. कुणाला गाळायचं न्हाय!” मार्गदर्शकांचं हे वाक्य प्रेरणाला भलत्या वेळी आठवलं. रसायनशास्त्र विभागात कोण कोणाबरोबर संशोधन करतं, याचा तक्ता ती करत होती. तिने शोधनिबंधांच्या लेखकांबरोबर आभारातली नावंही संगणकात भरून टाकली.

दुसऱ्या दिवशी तक्ता पडद्यावर झळकला. विभाग मिळून काम करतो असं दिसलं, तरच समिती नवं यंत्र देणार होती. एका टोकाला विभागप्रमुख विजयसिंह सर, दुसऱ्या टोकाला श्रीशैल सर आणि मधोमध परातीएवढा गोल: बी. जी. चौगुले.

“सगळ्या रेघा यांच्याकडूनच जातायत!” समितीच्या अध्यक्षबाई हरखल्या. “डॉक्टर चौगुलेंना बोलवा.”

“ते... रजेवर आहेत,” विजयसिंह घाईने म्हणाले.

“रजा कशाला? मी हितंच हाय की!” चहाचा ट्रे धरून उभ्या असलेल्या बयाबाई चौगुले म्हणाल्या.

“तुम्ही? तुम्ही काय करता?” अध्यक्षबाईंनी विचारलं.

“बाटल्या धुतो. आन् ह्या विजयसिंह सरांची बाटली श्रीशैल सरांस्नी, त्यांचा कागद ह्यास्नी. तराजूवरनं भांडल्यात, नऊ वर्सं बोलत न्हाईत. हे म्हणत्यात, ‘त्याला सांगा, डोळं तपासून घे.’ मी जाऊन सांगतो, ‘सर म्हणत्यात, एकदा परत बघा, तुमच्यागत कुणाला जमत न्हाय.’”

श्रीशैल सर ताडकन उठले. “म्हणजे ते हे म्हणत नव्हते?”

“न्हाय बा.”

“आणि माझ्या ऑपरेशनच्या वेळी त्यांनी पाठवलेला अंबाबाईचा प्रसाद?” विजयसिंहांनी विचारलं.

“त्यो बी माझाच.”

श्रीशैल सरांनी हात जोडले. “अक्का, आमचे निबंध तुमच्या जिभेवर तरले.”

अध्यक्षबाई हसता हसता थांबल्या. “या निवृत्त कधी होणार?”

“शनवारी,” बयाबाई म्हणाल्या.

मंजुरीवर सही करायला टेकवलेलं त्यांचं पेन कागदावरच थबकलं. बयाबाईंनी विजयसिंहांकडे पाहिलं. “मग बाटली कोण न्हेणार, सर?”

“मी नेईन, मावशी.”

“शबूद?”

“शब्द.”

अध्यक्षबाईंनी सही केली.

सोमवारी विजयसिंहांनी शिपायाला हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. तीर्थाची वाटी न्यावी तशी बाटली दोन्ही हातांत धरून ते हळूच श्रीशैलांच्या खोलीकडे निघाले.