सर्वांच्या वतीने हात धुणारा माणूस

वजनमापे तपासणी कार्यालयात ते परिपत्रक पोहोचले, तेव्हा साथ सुरू होऊन बरेच दिवस झाले होते. परिपत्रकांना वेळ लागतोच, कारण ती रोगासारखी हवेतून येत नाहीत, योग्य मार्गाने येतात. त्यात म्हटले होते की, साथीच्या काळात खबरदारी घेणे ही प्रत्येकाची वैयक्तिक जबाबदारी असून सर्व कार्यालयप्रमुखांनी तिची तात्काळ अंमलबजावणी करावी. साहेबांनी ते दोनदा वाचले, चष्मा पुसून पुन्हा वाचले आणि विचारविनिमयासाठी सगळ्या कर्मचाऱ्यांना आपल्या केबिनमध्ये बोलावले. केबिन लहान होती. एसी चालू असल्याने खिडक्या बंद होत्या. उशिरा आलेले दोघे कॅशियरच्या खुर्चीच्या हातांवर बसले.

या कार्यालयाची कामाची एक पद्धत होती आणि तिचा सगळ्यांना सार्थ अभिमान होता. कोणतेही काम सगळ्यांवर आले की ते एकावर सोपवायचे आणि बाकीच्यांनी त्याला सहकार्य करायचे. सहकार्य म्हणजे त्याच्या मध्ये न येणे. व्यायाम सप्ताहात एकटा ड्रायव्हर आवारात घामाघूम होईपर्यंत धावला होता आणि सर्व कर्मचाऱ्यांचे आरोग्य सुधारल्याचा अहवाल वेळेत वर गेला होता. रक्तदान शिबिराच्या वेळी मात्र याच पद्धतीमुळे ड्रायव्हरला भोवळ आली. तेव्हापासून तो अशा बैठकांत दारापाशी उभा राहत असे.

तेव्हा प्रश्न एवढाच होता की, ही वैयक्तिक जबाबदारी कुणाच्या गळ्यात घालायची. चर्चेची फारशी गरज पडली नाही. सगळ्यांनी एकदमच जपूनरावांकडे पाहिले.

जपूनराव हे काही त्यांचे खरे नाव नव्हे. ते तराजू तपासणीच्या टेबलावर बसत. पितळी वजन ते कधी बोटांनी उचलत नसत, चिमट्याने उचलत, कारण बोटाचा घाम लागला तरी वजनात फरक पडतो. ऑफिसचा व्हरांडा ओलांडतानाही ते डावी-उजवीकडे बघून घेत. ‘जपून’ हा शब्द त्यांच्या तोंडी इतका बसला होता की, त्यांचे खरे नाव आता फक्त हजेरीपटावर उरले होते.

शिवाय या वेळी त्यांच्या जपण्याला तसेच कारण होते. त्यांच्या मुलीला नुकतीच मुलगी झाली होती आणि जपूनराव आयुष्यात पहिल्यांदाच आजोबा झाले होते. मुलगी मात्र अस्सल बापाची लेक. तिने फोनवर स्वच्छ सांगून टाकले होते, “बाबा, बाळ महिन्याचं झालं की त्या रविवारी या. पण तपासणी करून या. रिपोर्ट निगेटिव्ह असेल तरच दार उघडणार. मग तुम्ही असा नाहीतर आणखी कुणी असो.” जपूनरावांना याचा राग आला नाही. उलट अभिमानाने त्यांचे डोळे भरून आले. त्या दिवसापासून ते रोज संध्याकाळी पलंगाच्या कडेला बसून उशी मांडीवर घेण्याचा सराव करत आणि बायको स्वयंपाकघरातून ओरडून सांगे, “अहो, मान धरा तिची.”

तर केबिनमध्ये साहेब घसा साफ करून म्हणाले, “जपूनराव, नाहीतरी तुम्ही स्वतःची काळजी घेताच आहात. त्यात थोडी आमचीही घ्या.”

जपूनरावांना वाटले, बरे झाले. लोकांना चार गोष्टी समजावून सांगायला अधिकृत संधी मिळाली, म्हणजे नातीला भेटेपर्यंत आपल्यालाही धोका कमी. त्यांनी आनंदाने मान डोलावली. संध्याकाळपर्यंत त्यांच्या टेबलावर ‘वैयक्तिक जबाबदारी अधिकारी (अतिरिक्त कार्यभार)’ अशी पाटी लागली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कॅशियरला मास्क लावण्याची विनंती केली. कॅशियर हा मोठ्या आवाजाचा आणि हळव्या मनाचा माणूस. तो दुखावला.

“मास्क मी लावायचा? मग तुमची नेमणूक कशाला झालीये?”

जपूनराव थेट साहेबांकडे गेले. साहेबांनी त्यांना समोर बसवून मोठ्या मायेने तत्त्व समजावून सांगितले. व्यायाम सप्ताहात ड्रायव्हर धावला तेव्हा बाकीचे धावले होते का, असे त्यांनी विचारले. जपूनराव नाही म्हणाले. मग आरोग्य कुणाचे सुधारले? अहवालाप्रमाणे सगळ्यांचे, असे जपूनरावांना कबूल करावे लागले. साहेबांनी दोन्ही हात पसरून विचारले की, आता यात न समजण्यासारखे काय आहे.

आणि मग जपूनरावांच्या मागे जे शुक्लकाष्ठ लागले, ते काही केल्या सुटेना. डबा उघडण्याची वेळ झाली की कॅशियर जागेवरूनच हाक मारी, “जपूनराव, माझे हात धुऊन या हो.” पाठोपाठ टायपिस्टबाई सांगत, “माझेही. आणि माझे नीट धुवा, सकाळपासून कॅशियरचे पैसे मोजतेय.” जपूनराव नळाशी उभे राहून एकेकाच्या नावाने साबण लावत. साहेबांचे हात सर्वांत आधी आणि कोमट पाण्याने धुवावे लागत, कारण साहेबांना गार पाणी सोसत नसे. दुपारपर्यंत जपूनरावांच्या तळहातांची साले निघायला लागली. बाकीच्यांचे हात कोरडेठाक होते आणि ते डबा खाण्यात गुंतले होते.

मास्कचा प्रश्न तत्त्वाचा होता. एका मास्कने एकच नाक झाकले जाते, असा मुद्दा टायपिस्टबाईंनी काढला आणि तो कुणालाच खोडता आला नाही. त्यामुळे जपूनराव स्वतःचा मास्क लावून त्यावर साहेबांचा, त्यावर कॅशियरचा, असे ज्येष्ठतेच्या क्रमाने मास्क चढवू लागले. त्यांचे बोलणे तर कळेनासे झालेच, पण वाफ धरलेल्या चष्म्याचा जगाशी संबंधही सुटला. व्यापाऱ्यांनी आणलेले तराजू ते अंदाजाने तपासू लागले. व्यापाऱ्यांची त्याबद्दल काही तक्रार नव्हती.

मग अंतराचा विषय निघाला. दोन माणसांत अंतर हवे म्हणून जपूनरावांना सगळ्यांपासून दूर करायचे ठरले. त्यांचे टेबल आधी व्हरांड्यात गेले. परंतु हे अंतर फक्त एका माणसाच्या वाट्याचे आहे, असे कॅशियरने दाखवून दिले, तेव्हा ते जिन्याखाली गेले आणि सर्वांच्या वाट्याचे अंतर मोजून झाल्यावर सायकल स्टँडच्या पत्र्याखाली स्थिरावले. आत जागा मोकळी झाल्याने उरलेल्यांनी टेबले जवळ ओढून गप्पांची सोय केली.

टायपिस्टबाईंच्या घरी लग्न निघाले. हॉल गच्च भरणार होता. बाईंनी जाण्यापूर्वी सायकल स्टँडपर्यंत येऊन आठवणीने सांगितले, “मी दोन दिवस लग्नात असेन. तेवढे दिवस तुम्ही घराबाहेर पडू नका हं. मला जोखीम नको आहे.” जपूनराव दोन दिवस घरात बसले आणि ते दोन दिवस त्यांच्या रजेतून कापले गेले.

जपूनरावांनी हे सगळे का सहन केले, असे कुणी विचारील. त्यांच्या बायकोनेही विचारले होते. त्यावर ते म्हणाले होते की, निदान एक माणूस तरी नीट हात धुतोय ना, आणि तो मीच आहे ना, मग मला काय होणार आहे. रविवार जवळ येत होता. मांडीवरच्या उशीची मान आता ते सफाईने धरू लागले होते.

त्या रविवारच्या आधीच्या सोमवारी कॅशियर खोकू लागला. खोकता खोकता त्याने साहेबांकडे लेखी तक्रार केली आणि जपूनरावांना खुलासा मागणारे पत्र मिळाले. आपण कॅशियर यांचे हात धुण्यात हयगय केल्याने त्यांना खोकला झाला, तरी आपणावर कारवाई का करू नये, अशी त्यात विचारणा होती. जपूनरावांनी सोललेले तळहात पुढे केले. साहेबांनी ते चष्मा लावून बारकाईने पाहिले आणि मान्य केले की, हात धुतल्याचा पुरावा सकृद्दर्शनी समाधानकारक आहे. पण खोकला तर आहे. तेव्हा सगळ्या कार्यालयाची तपासणी करून घ्यावी, असे ठरले आणि सगळ्या कार्यालयाच्या वतीने जपूनरावांना पाठवण्यात आले.

तपासणी केंद्रात नर्सने त्यांच्या नाकात काडी घातली. एवढ्यात आटोपले म्हणून जपूनराव उठत होते, पण त्यांचा स्वभाव प्रामाणिक. त्यांनी नर्सला विचारले, “बाकीच्यांसाठी परत घालायची का?” नर्सने त्यांच्याकडे पाहिले, त्यांच्या तोंडावरच्या मास्कच्या चळतीकडे पाहिले आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

दुपारी रिपोर्ट आला. निगेटिव्ह. कार्यालयात आनंदीआनंद झाला. साहेबांनी रिपोर्टवर जपूनरावांच्या नावापुढे ‘व इतर सर्व’ असे स्वहस्ते लिहून गोल शिक्का मारला आणि त्याच्या प्रती वाटल्या. कॅशियर तर खोकत खोकतच म्हणाला की, आता कुठे जरा बरे वाटतेय. या आनंदात संध्याकाळी केक आणायचा ठरला. जपूनरावांनी यायला नकार दिला, तेव्हा साहेब स्वतः सायकल स्टँडपाशी आले.

“अहो, एवढी माणसं एका खोलीत जमणार. तिथं तुम्ही नसलात तर खबरदारी कोण घेणार?”

जपूनराव केबिनच्या दारात उभे राहिले. साहेबांनी खिडक्या लावून घेतल्या, कारण वाऱ्याने मेणबत्त्या विझत होत्या. त्या फुंकण्याचा मान आजाऱ्याला द्यावा असे टायपिस्टबाईंनी सुचवले. कॅशियरने छाती भरून श्वास घेतला, फुंकला, मग केकवर मनसोक्त खोकला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग त्याने पहिला तुकडा घेतला, जपूनरावांना प्रेमाने जवळ ओढले आणि ज्येष्ठतेच्या क्रमाने एकेक मास्क खाली करून तो तुकडा स्वतःच्या हाताने त्यांच्या तोंडात कोंबला. ड्रायव्हरने तेवढे डोळे मिटून घेतले.

शुक्रवारी रात्री जपूनरावांचे अंग तापले. शनिवारी पुन्हा तपासणी झाली आणि या वेळी रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. ही बातमी त्यांनी साहेबांना कळवली, तेव्हाही साहेबांनी तत्त्व सोडले नाही. जपूनराव आजारी म्हणजे कार्यालय आजारी, असा तर्कशुद्ध निर्णय घेऊन त्यांनी सर्वांना भरपगारी विश्रांती मंजूर केली. बाकीच्यांपैकी कुणी तपासणी केली नव्हती. त्यामुळे त्यांच्यापैकी कुणाला काही झाल्याची माहिती कुठेच उपलब्ध नव्हती.

रविवार उजाडला. जपूनराव मागच्या खोलीत दार लावून एकटे पडले होते. बायको ताट उंबऱ्यावर ठेवून मागे सरकत होती. मुलीला त्यांनी आदल्या दिवशीच सांगितले होते आणि ती म्हणाली होती, “बाबा, मला खूप वाईट वाटतंय. पण नियम म्हणजे नियम.” तिचे बरोबरच होते, हे त्यांनी उशीलाही सांगितले. सांगताना त्यांना रडू आले.

अकराच्या सुमारास मुलीचा व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर घोळक्याच्या मधोमध एक लालसर गाठोडे दिसले. ते टायपिस्टबाईंच्या हातातून साहेबांच्या हातात गेले. साहेबांनी त्याला छान झुलवले आणि कॅशियरकडे दिले.

“बाबा, तुमच्या ऑफिसची माणसं आलीयेत,” मुलीचा आवाज भरून आला होता. “म्हणाले, जपूनरावांना येता येत नाही, तर त्यांच्या वतीने आम्ही बाळाला जवळ घेतो. किती जीव लावतात हो तुम्हाला. आणि काळजी करू नका, मी सगळ्यांचे रिपोर्ट तपासलेत. सगळे निगेटिव्ह. शिक्क्यासकट.”

जपूनराव ताडकन उठून बसले. फोन त्यांनी तोंडाजवळ धरला.

“अहो, मास्क! निदान मास्क तरी लावा!”

कॅशियरने बाळाच्या गालावरून तोंड वर केले. जपूनरावांना पाहून त्याचा चेहरा प्रेमाने फुलला आणि मग किंचित काळजीत पडला.

“हे काय जपूनराव? तुम्हीच लावलेला नाही? असा हलगर्जीपणा करू नका. इथं लहान बाळ आहे.”

जपूनरावांनी बंद खोलीत, एकट्याने मास्क लावला. पलीकडे सगळ्यांना हायसे वाटले.

आता हे वाचताना तुमच्या डोळ्यांसमोर कुणी ना कुणी आले असेलच. वरच्या मजल्यावरचे शेजारी, तुमच्या ऑफिसातला खोकणारा, नाहीतर मास्क हनुवटीला अडकवून गावभर हिंडणारा तुमचा मेहुणा. तुम्ही स्वतः आला नसाल, ते साहजिक आहे. मेहुण्याला ही गोष्ट आजच पाठवून द्या, त्याला चांगली समज मिळेल. तुमच्या वाट्याची खबरदारी तेवढ्याने पूर्ण झाली, असे आम्ही गोल शिक्क्यानिशी मान्य करतो.