भद्रावतीला फिटलेली शंका

साहेब, तुम्ही आम्हाला फसवलं! नाव घेत नाही. ज्याचं नाव घ्यावं तो शेजारच्या टेबलाकडं बोट दाखवतो, हे मला माहीत आहे. पण गुलाबी बोंडअळीचा अभ्यास दौरा म्हणून तुम्ही आम्हा तीस कास्तकारांना गाडीत घातलं आणि भद्रावतीची देवळं दाखवून परत आणलं. मी सातवी पास माणूस आहे. हे जाहीर पत्र वाचणाऱ्यांनी शुद्धलेखन तपासू नये, मजकूर तपासावा.

गावातून निघताना मी मोठ्या ऐटीत सांगितलं होतं, "आज त्या शास्त्रज्ञाले सोडतच नाही! उत्तर घेऊनच येतो!"

प्रश्न एकच. खालची बोंडं अळीनं पोखरली, वरची अजून हिरवी आहेत. पराटी, म्हणजे उभी कपाशी, ठेवू का उपटू? ठेवली आणि अळी वर चढली, तर शेजाऱ्यांची शेतंही जातील. उपटली आणि वरची बोंडं चांगली निघाली, तर हातातलं पीक मीच मारलं! उपटायला फुलसिंगचा भाड्याचा ट्रॅक्टर सोमवारी सकाळी सातला माझ्या बांधावर येणार. तो गेला की पंधरा दिवस परत नाही. म्हणून मी वीस बोंडं तोडली, थोडी फुटलेली, थोडी हिरवी, आणि कापडी पिशवीत घालून मांडीवर घेतली. वर एका काडेपेटीत जिवंत अळी. लेकराला नेलं नसतं इतक्या जपून नेली!

बाकीचे एकोणतीस रिकाम्या हातानं. "देवरावभाऊ आणून राह्यले न, मंग आपण कायले?" हे अमरचं म्हणणं. अमर माझा शेजारी, त्याच्या बांधाला, धुऱ्याला, माझा धुरा. माझी बायको विमल पण गाडीत होती. यादीत बायांचा आकडा कमी पडत होता, म्हणून साहेबांनी तिला ऐन वेळी 'महिला शेतकरी' केलं. पंचवीस वर्षं निंदण-वेचणी करून जे जमलं नाही, ते एका सहीत झालं!

वणी गेलं, वरोरा गेलं. संशोधन केंद्राच्या फाटकाला कुलूप! चौथा शनिवार, सरकारी सुट्टी!

दौऱ्याचे साहेब बिलकूल घाबरले नाहीत. "शास्त्रज्ञ मॅडम दुपारी भद्रावतीलाच येणार आहेत. तोपर्यंत ऐतिहासिक स्थळं बघू. ज्ञान ते ज्ञान!"

"साहेब, देवाले अळीचं औषध मालूम हाय का?" अमर म्हणाला.

"देवरावांना विचारा, ते पुजारी दिसतात. पिशवी सोडत नाहीत!"

सगळे हसले. मी पिशवी आणखी आवळली.

विजासनच्या लेण्यात गेलो. डोंगरात लांबच लांब अंधारा बोगदा, आणि अगदी टोकाला शांत बसलेले बुद्ध भगवान. साहेबांना तिथं दौऱ्याचा फ्लेक्स धरून फोटो हवा होता. मी मोबाइलची बॅटरी लावली, पिशवीत पाहिलं. काडेपेटी उघडी! अळी नाही! बॅटरी फिरवली, तर अळी साहेबांच्या कॉलरवरून मानेकडं निघालेली!

"साहेब, हलू नका!" मी ओरडलो.

"काय आहे?"

"हलू नका म्हटलं न! एकच हाय, मरन ते!"

साहेबांनी अंधारात काय समजायचं ते समजून घेतलं. "साप! साप!" करत त्यांनी मानेवर अशी चापट हाणली की लेणं घुमलं. मग तीस माणसं त्या बोळातून एकदम बाहेर! बुद्ध तेवढे जागचे हलले नाहीत. अळी खलास. अहिंसेच्या दारात!

असो. बोंडं होती.

भद्रनागाच्या देवळात गर्दी होती. साहेबांनी फ्लेक्सचं एक टोक माझ्या हातात दिलं. मी पिशवी विमलला दिली. "सांभाळ," म्हटलं. एवढंच म्हटलं. इथं माझी चूक झाली, ती मी मानतो.

तासाभरानं मॅडम आल्या. तरुण बाई, घाईत, पण मनानं सरळ. "मला संध्याकाळी नागपुरात मीटिंग आहे. नमुना कोणी आणलाय? वीस बोंडं फोडली की पाच मिनिटांत सांगते."

वीस! बरोबर वीस! माझी छाती फुगली. तीस माणसं माझ्याकडं पाहू लागली.

"विमल, पिशवी आण!"

विमलनं पिशवी आणली. तिची घडी केली होती.

"बोंडं?"

"अवो, बसल्या बसल्या वाती वळल्या न मी! देवाच्या दारात कापूस हातात असताना रिकामी बसू का? सरकी काढली, अळीनं खाल्लेली कवडी फेकली, बरा बरा घेतला. एकवीस वाती झाल्या! पाहा कशा जळून राह्यल्या!"

नागोबापुढं माझा नमुना लखलखत होता.

"अन हिरवी बोंडं?" मी विचारलं.

"ते गाईनं खाल्ली. चांगली खाल्ली बिचारीनं."

कापूस दिसला की आमच्या बायांचा हात थांबत नाही. म्हणूनच तर तो हात शेतात लागतो!

"मॅडम, माह्या वावरात चला. दोन-अडीच तासाची वाट हाय."

मॅडमनी साहेबांकडं पाहिलं. साहेब म्हणाले, "दौऱ्याच्या मंजुरीत शेतभेट नाही."

"मंग अंदाजानं सांगा!"

"बोंड न फोडता सांगितलं आणि चुकलं, तर तुमचं पीक जाईल, दादा. मी खोटं सांगणार नाही." अख्ख्या दौऱ्यात खरं बोललेलं ते एकच माणूस. फोटो निघाला, त्या गाडीत बसल्या आणि गेल्या.

परतताना वरोरा आलं. विमल हळूच म्हणाली, "मले काय मालूम, तुमचा जीव त्या पिशवीत होता? सांगायचं न!"

आज रविवार. पेपरात आमचा फोटो आला आहे. मागं देऊळ, पुढं फ्लेक्स, मधे मी, हातात पिशवीची घडी. खाली छापलंय: 'तज्ज्ञांच्या मार्गदर्शनाने शेतकऱ्यांच्या सर्व शंकांचे निरसन.' सकाळपासून गाव दारात उभं आहे. अमर तर ओट्यावरच बसला आहे. "भाऊ, आमच्यासमोर नाही, पण मॅडमनं तुम्हाले मागून सांगितलं असन, पेपरात आलं न! सांगा, उपटायची का ठेवायची? तुम्ही कराल ते आम्ही करू." बायकोनं वाती वळल्या हे अमरनं डोळ्यांनी पाहिलं, तरी छापलेल्यापुढं माझं कोण ऐकतो?

म्हणून साहेब, विचारतो. तुमच्या फायलीत माझी शंका फिटली आहे, म्हणजे उत्तर त्याच फायलीत कुठंतरी असलं पाहिजे. कोणत्या पानावर आहे? ते पान उद्या सकाळी सातच्या आत माझ्या बांधावर पाठवता का? फुलसिंग ट्रॅक्टर चालू ठेवून थांबत नाही!