पयलं नरडं, मंग आक्षर

म्हाळूबा धनगर नातवाला शाळेत घालायला आला, तेव्हा त्या पोराच्या, येशाच्या, गळ्यात कुत्र्याचा पट्टा होता. साधा नव्हे. मेंढरं राखणाऱ्या कुत्र्यांना घालतात तसला, बाहेरच्या बाजूने बोटबोट लांब खिळे काढलेला. लांडगा आधी नरडं धरतो आणि खिळे टोचले की सोडतो, हे मला म्हाळूबानेच समजावले.

“अहो, पण हे पोर आहे,” मी म्हणालो.

“म्हनून तर. कुत्रं निदान चावतं तरी. ह्यो काय करनार हाय?”

निजामाच्या राज्यातली नेकनूरकडची ती शाळा म्हणजे चावडीमागची एक ओसरी. मास्तर मी एकटाच, गावात नवा आणि स्वभावाने भित्रा.

पट्ट्याने पहिल्याच आठवड्यात आपले गुण दाखवले. दोन पोरांच्या बंड्या फाटल्या, तिसऱ्याच्या गालावर ओरखडा उठला. शेवटी येशाला मी कोपऱ्यात एकटे बसवले. मान खाली घातली की खिळे त्याच्याच हनुवटीला लागत, म्हणून तो आढ्याकडे बघत बाराखडी गिरवी. मी तक्रार केली की म्हाळूबाचे उत्तर ठरलेले असे.

“पयलं नरडं, मास्तर. मंग आक्षर.”

वाईट म्हणजे गावाला ते पटले. पंधरा दिवसांत आणखी चौघांच्या आयांनी लोहाराला गाठले. मला जेवण गोड लागेना. पट्टेवाली पाच पोरे एकमेकांना भिडली तर कुणाचा डोळा जाईल, याची मला रोज धास्ती. त्यात ओसरीमागे आड होता. जमिनीलगत, कठडा नसलेला. मधल्या सुट्टीत पोरे तिथे तांब्या सोडून पाणी काढत. कठड्यासाठी मी तहशिलीत दोन अर्ज केले होते. ‘गौर करण्यात येईल’, म्हणजे विचार करू, असे उत्तर आले, आणि खरे सांगायचे तर तेवढ्यावर मी गप्प बसलो होतो.

एका दुपारी मधल्या सुट्टीत म्हाळूबा आला, तेव्हा मात्र मी चिडलोच. “म्हाळूबा, इथं भरदिवसा, एवढ्या पोरांत लांडगा कधी आलाय? तो आड बघा. तो रोज इथंच आहे.”

त्याने वळून पाहिले. येशाच आडाच्या काठावर पालथा पडला होता. तांब्या ओढताना अर्धे अंग आत लोंबत होते, आणि गळ्यातले शेरभर लोखंड त्याला आणखी खाली ओढत होते. मी हाक मारणार, तोच म्हाळूबाने माझ्या तोंडावर हात ठेवला. वहाणा काढून तो हळूहळू गेला आणि येशाचे दोन्ही पाय धरून त्याला मागे ओढले.

पट्टा त्याने तिथेच सोडवला.

“लांडगा माज्या वळखीचा हाय, मास्तर,” तो म्हणाला. “शाळंत काय आसतंय, मला काय ठाव? जे भ्या म्हाईत व्हतं, त्येच्यावरच इलाज केला.”

दिवस मावळायच्या आत त्याने बाभळीच्या फांद्या तोडून आणल्या आणि मेंढरांच्या वाड्याला घालतात तसे दाट कुंपण आडाभोवती घातले. पाणी काढायला एकच फट ठेवली. माझ्या दोन अर्जांनी जे झाले नाही, ते त्याच्या कोयत्याने एका दुपारीत केले. मला माझीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी, त्याचे बघून, पाचही गळे मोकळे होते. म्हाळूबा मात्र सकाळपासून त्या फटीपाशी उभा राहून प्रत्येक पोराचा तांब्या स्वतः भरून देत होता. शाळा सुटली, येशा पोरांबरोबर खेळायला पळाला, तरी हा तिथेच.

“घरी नाही जायचं?” मी विचारले.

“घरी कोन हाय? ल्योक-सुना मेंढरं घिऊन चाऱ्यापायी गंगथडीला, गोदाकाठाला गेली. जन्मात पयल्यांदा मी मागं ऱ्हायलो, ह्याच्या शाळंपायी.” मग तो घुटमळला. “उंद्या बी येऊ का, मास्तर? तुमाला आडचन व्हत नसंल तर.”

“या,” मी म्हणालो. “रोज या.”