तळघरच्या ओलीची बखर

श्री प्रसन्न असोत, भुई कोरडी असो. शके सोळाशे, पुढील आकडे ओलीने खाल्ले, सबब वाचणाराने आपल्या मनचे घालावे. ते साली एक राज्य होते, त्याचे नाव लिहिण्याची आज्ञा नाही. त्या राज्यात गडावर एक तळघर होते, आणि ते अपुरे होते. थोरल्या महाराजांनी खणावयास घेतले, मग भिंती उभ्या राहिल्या, मग दगडांच्या दरजा भरावयाच्या तोच थोरले महाराज कैलासवासी जाहले, आणि भुई कच्च्या मातीची राहिली ती राहिलीच. पुढे गनिमाने वरील कोठार जाळिले, आणि मग अवघ्या मुलखाचे बियाणे तळघरी ठेवावे ऐसा हुकूम जाहला, का की जमिनीखाली आग पोहोचत नाही. आग पोहोचली नाही. ओल पोहोचली. पाथरवटांनी अर्ज केला की, ओल्या भुईवर फरशी बसत नाही, भुई वाळेल ते दिवशी घालू. सरकारची मर्जी बसली, आणि भुई वाळेतोवर तळघराची निगा राखण्याचे काम यमाजीपंतांस सांगितले.

यमाजीपंत म्हणजे निगेचे वेडे गृहस्थ. दुसऱ्याने घासलेले भांडे पुन्हा घासून घेणार, ऐसी ख्याती. पंतांनी केरसुणी हाती धरिली आणि जळमटे काढविली, मग उंदरांची बिळे बुजविली, मग कडुनिंबाची धुरी दिली, आणि रोज पहाटे कावडीने पाणी उतरवून अवघी भुई शेणाने सारवून घेतली, बोटभर जागा सोडिली नाही. तरी ओल हटेना. ओलीने ईशान्येचा कोपरा काबीज केला, मग उत्तरेची भिंत घेतली, मग जिन्याशी मोर्चे लाविले. पंतांनी राख पसरली, चुना फासला, आणि उपाय चालेना तेव्हा सारवण दुप्पट केले. पोती उघडली तो जोंधळ्यास बुरशी आणि हरभऱ्यास मोड. रयतेने तेच नेऊन पेरिले, ते उगवले नाही. पंतांच्या सासुरवाडीस चुली थंड पडल्या. लोक तोंडावर म्हणू लागले, "पंत, तळघर आरशासारखं ठेवता, पण आम्ही खायचं काय, आरसा?" पंत खाली मान घालून ऐकत, आणि दुसरे दिवशी अधिक घासून सारवीत. निगा कमी पडते, याखेरीज दुसरे कारण त्या भल्या माणसास सुचले नाही.

मग ते साल आले. मुलखातील उरलेसुरले बियाणे गाड्या भरून गडाच्या दरवाजाशी येऊन राहिले. हे गेले तर पेरावयास मूठ उरत नाही, हे पोरासोरांसही ठाऊक होते. आणि ऐन समयी पंतांस हिवतापाने गाठिले. पंत अंथरुणास खिळले आणि खाली कोणी फिरकले नाही. मग एके दुपारी पंतांचे कुटुंब साळूबाई तळघर पाहून धावत आल्या आणि बोलिल्या, "ऐकलं का? भुई वाळली! पाय टाकला तर धूळ उडते. पाथरवट बघून गेले, उद्या महाराज स्वतः यायचे, मग फरशी!" पंतांस ऐसा आनंद जाहला की उठून बसले. मग हळूच पुसिले, "सारवलं कोणी?"

"कोण सारवणार? इकडून तर अंथरूण धरलेलं."

पंत पुन्हा आडवे जाहले. मग भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "साळू, ओल मीच नेत होतो गं. कावडीने." साळूबाईंनी पायावरील पांघरूण सारखे केले, आणि त्यांसही रडू आवरले नाही. माणसाचे ठायी ओलावा असावा ऐसे सर्व सांगतात. भुईचे ठायी नसावा, हे सांगणारा कोणी भेटला नाही.

दुसरे दिवशी पंत काठी टेकीत तळघरी गेले, तो राजोपाध्ये धुंडंभट उभे राहून बायकांकडून भुई सारवून घेत होते. पंत ओरडले, "भटजी, पाया पडतो, सारवू नका! वाळलीये हो ती!"

धुंडंभट बोलिले, "ताप डोक्यात गेलाय तुमच्या. महाराजांचे चरण काय धुळीत पडायचे? आणि रांगोळी कशावर काढायची, तुमच्या कपाळावर?" आणि रांगोळी निघाली, तीही मोठी मोराची. मग महाराज उतरले, आणि पहिलेच पाऊल मोरावर पडून टाच रुतली. महाराज बोलिले, "पंत, अजून ओलच आहे."

"महाराज, ही ओल आजची आहे."

"ओलीस का तिथी असते?" ऐसे महाराज बोलिले, आणि सर्व मंडळी हासली. पंत सांगू गेले, परंतु अंगात कापरे भरलेल्याचे बोलणे कोण मनावर घेतो? मग आज्ञा जाहली की, फरशीचे पुढील साली पाहू, तूर्त बियाणे आत घ्यावे, बाहेर गनिमाचे भय आहे. आणि जाता जाता महाराजांनी पंतांच्या खांद्यावर हात ठेविला आणि मायेने सांगितले, "सारवण मात्र चुकवू नका. तुम्ही पडलात, तर किती धूळ जाहली म्हणतात." गाड्या रिकाम्या जाहल्या. पंत पोत्यांकडे पाहात जिन्यावर बसून राहिले.

पहाटे हुकमाप्रमाणे कावड आली आणि पंतांनी शेणात हात घातला. इतके दिवस न कळता सारवीत होते, आता कळून सारवू लागले.

येणेप्रमाणे तळघराची निगा राखिली गेली. आजही तेथे केर सापडत नाही. ते साली मुलखात पेरणी जाहली नाही. साळूबाई माहेरची माणसे आणावयास गेल्या, त्या एकट्या परत आल्या. बखर संपली. कागद कोरड्या जागी ठेवावा, आणि कृपा करून पुसू नये.