झटपट आशीर्वाद

"आता हे काय?" झेवदितू स्वयंपाकघराच्या दारातच थबकली. हातातली मिरच्यांची टोपली हातातच राहिली.

ओट्यावर एक काळं, चकचकीत धूड येऊन बसलं होतं. त्याच्या पोटात निळे दिवे लुकलुकत होते आणि तिचा नवरा गेताहुन नव्या जावयाची सरबराई करावी तसा त्याच्यावरून फडकं फिरवत होता.

"कॉफीचं यंत्र!" तो म्हणाला. "बटण दाबायचं, बस्स. बिया स्वतःच दळतं, कॉफी स्वतःच काढतं. दूतावासातले एक साहेब मायदेशी चाललेत, त्यांच्याकडून घेतलं. जवळजवळ फुकटच म्हण ना!"

"आणि माझी जेबेना कुठाय?"

गेताहुननं बोटानं खाली दाखवलं. झेवदितूची जेबेना, तिच्या आईनं दिलेली लांब मानेची मातीची सुरई, जिच्यात या घराची कॉफी लग्नापासून उकळत आली होती, ती कांद्याच्या पोत्याला टेकवून जमिनीवर ठेवलेली होती. झेवदितूचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू गेला.

तिचं तरी काय चुकलं म्हणा! विमानतळाच्या गोदामातून निवृत्त झाल्यापासून गेताहुनला हा नादच लागला होता. अदिस अबाबामधून कोणी परदेशी माणूस बाडबिस्तरा गुंडाळतोय, ही खबर त्याला त्या माणसाच्या बायकोच्याही आधी लागायची. आधी पाव भाजणारं यंत्र आलं. त्यातला पहिला पाव अजून आहे, खिडकी वाऱ्यानं आपटू नये म्हणून तिच्या फटीत ठेवतात. मग गरम हवेवर तळणारं आलं. त्यात यानं कोलो, म्हणजे भाजलेल्या जवाचा खाऊ, करायला म्हणून जवाचे दाणे ओतले, ते आतल्या पंख्यात जाऊन असे तडतडले, की शेजारणीनं कोणीतरी दगड मारतंय समजून पोरांना घरात ओढलं. आणि कळस म्हणजे अंडी उकडायचं यंत्र. ते या पठ्ठ्यानं ईस्टरच्या आधीचा मोठा उपास सुरू झाल्याच्या दुसऱ्या दिवशी आणलं! घरात अंड्याचं नाव काढायची सोय नाही आणि हे ओट्यावर लाल दिवा लावून हजर. त्याही वेळी झेवदितूनं नुसता कपाळाला हात लावला होता. पण जेबेना जमिनीवर?

"अहो, ऐका नीट," ती म्हणाली. "या घरात एकतर ही यंत्रं राहतील, नाहीतर मी. मी चालले देब्रे बिरहानला, भावाकडे."

गेताहुन हसला. मग त्यानं तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि फडकं खाली ठेवलं. या बाईनं इतक्या वर्षांत अशी धमकी कधी म्हणजे कधी दिली नव्हती.

आता आमच्या गल्लीत कोणी असं तडकाफडकी घर सोडून जात नाही. आधी वडीलधारी मंडळी बसतात. ती कशी बसतात, तर कॉफीला. पहिल्या कपाला तक्रार करणाऱ्यानं आपलं म्हणणं मांडायचं, दुसऱ्याला समोरच्यानं उत्तर द्यायचं आणि तिसरा कप आशीर्वादाचा. तो हातात आला की ज्येष्ठ माणूस उठून आशीर्वाद देतो, सगळे आमेन म्हणतात आणि भांडण तिथे संपतं. त्यानंतर ते उकरून काढणाऱ्याच्या घरी पुन्हा कोणी पायरी चढत नाही. जेबेनात पहिला कप व्हायला चांगला पाऊण तास लागतो. बिया धुवा, भाजा, कुटा, उकळा. तेवढ्यात भल्याभल्यांचा राग निवतो.

रविवारी दुपारी मंडळी आली. सगळ्यात पुढे वुबशेतकाका, गल्लीतले सगळ्यात ज्येष्ठ, निम्म्या गल्लीचे संसार यांनीच सांधलेले. त्यांच्या मागे केफ्यालेवकाका, जे दुसऱ्या कपाला हमखास डुलकी काढायचे. आणि काठी टेकत इतागेन्यूमावशी, जिच्या जिभेला वुबशेतकाकाही बिचकून असायचे. कॉफीच्या बैठकीला पसरतात तसं जमिनीवर हिरवं गवत पसरलं होतं, धूप जळत होता, पॉपकॉर्नची परडी भरलेली होती. पण निखाऱ्यापाशी झेवदितू नव्हती. ती पाहुण्यांसमोर खुर्चीत हाताची घडी घालून बसली होती.

"अगं, कॉफी कोण करणार?" मावशीनं विचारलं.

"मी तक्रारदार आहे, मावशी. तक्रार करू की कॉफी? त्यांच्याकडे आहे ना यंत्र, त्यांनाच करू दे."

गेताहुनला काय, आंधळा मागतो एक डोळा! तो टुणकन उठून आत पळाला. आणि झेवदितू मनातल्या मनात हसली. हे धूड बिघडेल, धूर ओकेल, निदान गढूळ पाणी तरी देईल, आणि तिला तोंड उघडायची गरजही पडणार नाही. तिचा हिशेब अगदी चोख होता. फक्त यंत्रानं तो ऐकला नाही.

आत घरघर झाली. मंडळींनी नुकतीच विचारपूस सुरू केली होती.

"कशी आहेस, पोरी? बरी आहेस ना? घर कसं आहे? भाऊ कसा आहे?" वुबशेतकाका विचारत होते.

"देवाची कृपा, काका. तुम्ही कसे? काकू कशा? गुडघे कसे?"

"देवाची कृपा. भावाची गुरं कशी? पाऊस कसा आहे तिकडे?"

विचारपूस गुरांपर्यंत पोचली आणि पहिला कप हातात! मंडळी चकित झाली, पण पुढे आलेला कप नाकारायची आमच्याकडे पद्धत नाही आणि चालू असलेली विचारपूस मध्येच तोडायचीही नाही. मंडळी दोन्ही करत राहिली. गुरांकडून पुतण्यांकडे, पुतण्यांकडून त्यांच्या परीक्षांकडे. कप रिकामा होतो न होतो तोच आत घरघर आणि दुसरा कप हातात.

"काय चव आहे हो!" केफ्यालेवकाकांचे डोळे टक्क उघडले होते. "छातीत ढोल वाजल्यासारखं होतंय!"

"काका, मी सांगते काय झालं ते," झेवदितू घाईनं पुढे सरकली. "गेल्या वर्षी यांनी जे पहिलं..."

घर्रर्र. गेताहुन धावत आला, घामाघूम आणि आनंदानं फुललेला. एवढ्या लोकांना एवढं खूश त्यानं जन्मात केलं नव्हतं. त्यानं भराभर सगळ्यांच्या हातात तिसरा कप ठेवला, शेवटी वुबशेतकाकांच्या.

आणि वुबशेतकाका उठले. त्यांचाही दोष नाही हो. तिसरा कप हातात आला की उठायचं, ही त्यांची हयातभराची सवय. डोकं काही ठरवायच्या आत पाय उभे राहिले, हात वर गेला, डोळे मिटले आणि खणखणीत आवाज सुरू झाला, "या घरात शांती नांदो! या घरात जे आहे ते टिको! जे नाही ते येवो! नवरा-बायको एका मुखानं बोलोत!"

"आमेन!" केफ्यालेवकाका.

"आमेन!" मावशी.

"आमेन!" झेवदितू.

हो, झेवदितू! तीही सवयीनंच म्हणाली. म्हटल्यावर तिचा हात आपोआप तोंडावर गेला.

वुबशेतकाकांनी हळूच एक डोळा उघडला. "हे... भांडण कशावरून होतं?"

"मी अजून सांगितलंच कुठे!" झेवदितू किंचाळली.

"पण पोरी, तू आमेन म्हणालीस."

"काका! हे सगळं सामान टिको म्हणालात तुम्ही! आणखी येवो म्हणालात!"

वुबशेतकाका मटकन खाली बसले. एवढ्या आयुष्यात त्यांनी पुष्कळ निकाल दिले होते, पण काही न ऐकता दिलेला हा पहिलाच. आशीर्वाद काही शर्ट नाही, उलटा पडला म्हणून काढून पुन्हा घालायला. गेताहुन बिचारा रिकामा ट्रे छातीशी धरून उभा. जिंकल्याचा आनंद करावा, तर बायकोचे डोळे भरून आलेले.

"मी उद्या पहाटेच्या बसनं जाते," ती अगदी हळू म्हणाली. ती ओरडली असती तर परवडलं असतं.

गेताहुननं ट्रे खाली ठेवला.

आणि तेव्हा केफ्यालेवकाका बोलले. एरवी या वेळी त्यांचं घोरणं चालू असतं. पण आज पोटात तीन कडक कप होते, गुडघा थडथड उडत होता आणि डोकं तर घोड्यासारखं उधळलं होतं. "थांबा! तिसरा कप झालाच नाही!"

"म्हणजे? प्यायलास ना घटाघटा?" मावशी म्हणाली.

"प्यायलो. पण तिसरा नाही प्यायलो. जेबेनात आपण काय करतो? तीच पूड तीनदा उकळतो. पहिला कप कडक, दुसरा मवाळ, तिसरा फिका. आणि या यंत्रानं? दर वेळी नवी पूड! म्हणजे आपण तीनदा पहिलाच कप प्यायलो! पहिल्या कपावर आशीर्वाद कधी ऐकलाय कोणी?"

सगळ्यांनी आ वासला. वुबशेतकाकांनी तर केफ्यालेवकाकांचा हात धरून कपाळाला लावला.

"मग जुन्या पुडीचं काय केलंस रे?" मावशीनं गेताहुनला विचारलं.

"ती आतल्या खणात पडते. नंतर फेकून द्यायची."

"फेकून?" मावशी काठी विसरून आत गेली. खण ओढला. आत कॉफीच्या ओल्या, जाड वड्यांचा ढीग. मावशीचे डोळे पांढरे झाले. "अरे मेल्या! एकदाच पाणी दाखवून ही दौलत उकिरड्यावर? यात अजून दोन कप जिवंत आहेत! तुझी आई असती तर याच ओट्यावर बडवलं असतं तुला!"

मग मावशीनं जमिनीवरची जेबेना स्वतः उचलली, धुतली, त्या वड्या तिच्यात भरल्या आणि निखाऱ्यावर चढवली. दुसरा कप व्हायला आता त्याचा त्याचा वेळ लागणार होता, आणि पहिल्यात राहिलेली तक्रार दुसऱ्यातच उरकायची असं ठरलं. झेवदितू बोलली. पाव, जव, अंडी, सगळं. "विजेचं मला वावडं नाही हो," ती म्हणाली. "इंजेराचा, आपल्या रोजच्या भाकरीचा, तवा विजेचाच आहे, त्याला मी कधी काही म्हटलं? तो रोज राबतो, म्हणून त्याला जागा. ही बाकीची नुसती बसून खातात. माझ्या ओट्यावर मला कांदा चिरायला हातभर जागा नाही. ओट्यावर जेबेनाला जागा नाही, उद्या घरात मला नसेल." एवढं बोलून तिनं ओढणीच्या टोकानं डोळे पुसले.

"आता तू बोल," वुबशेतकाका गेताहुनला म्हणाले.

गेताहुन गवताकडे बघत बोलू लागला. "गोदामात दिवसभर माणसं असायची, काका. आता घरी बसतो. ही दिवसभर स्वयंपाकघरात. पुरुषमाणसानं तिथे जायचं तर काय म्हणून जायचं? नुसतं उभं राहिलं, की ही विचारते, काय हवंय? यंत्र आणलं, की कामानं आत जाता येतं. चालू करायचं, पुसायचं, बघत बसायचं. तेवढाच हिच्याजवळ वेळ जातो."

वुबशेतकाकांच्या मुठीतले पॉपकॉर्न गवतावर सांडले. "स्वयंपाकघरात? बसायला? तू?"

"हो."

"हे ऐकायला जगलो होय मी!" केफ्यालेवकाका म्हणाले.

पण सगळ्यात मोठा धक्का झेवदितूला बसला होता. ती नवऱ्याकडे असं बघत होती, जणू तो आजच पहिल्यांदा दारात येऊन उभा राहिलाय. "अहो," ती म्हणाली, "मग नुसतं यायचं होतं ना!"

तिसरा कप आला. फिका, गरम, खराखुरा तिसरा. निकाल झाला. तव्याशिवाय सगळी यंत्रं ओट्यावरून उठतील आणि वुबशेतकाकांच्या कोठारात जातील. यंत्रांच्या जागी गेताहुन स्टूल टाकून बसेल, आणि काय हवंय असं त्याला कोणी विचारणार नाही. वुबशेतकाकांनी या खेपेला आधी चारी बाजूंना बघून घेतलं, मगच हात वर केला. आमेन सगळ्यात मोठ्यानं झेवदितू म्हणाली.

आठवडाही उलटला नसेल. वुबशेतकाका अंगणात उन्हाला बसले होते, तो फाटक ढकलून झेवदितू आत आली. केस विस्कटलेले, ओढणी एकीकडे, हातात पळी तशीच.

"काका, ती यंत्रं परत द्या."

वुबशेतकाका खुर्चीतून पडायचेच बाकी राहिले. "अगं, ज्यांच्या पायी नवरा सोडून निघाली होतीस, ती?"

"तीच! तो माणूस सकाळपासून संध्याकाळपर्यंत स्टुलावरून हलत नाही! कांदा असा नको चिरू. झाकण किती वेळा काढतेस? तिखट चमच्यानं मोजून टाक. डाळीला बुडबुडे जास्त आलेत. अहो, यंत्र होतं तेव्हा तो यंत्राशी बोलायचा! आणि यंत्राला निदान बंद करायचं बटण होतं!"

"निकाल फिरत नाही, पोरी."

"मागच्या वेळी फिरला होता! काढा ना काहीतरी खोट!"

"काढली असती. पण या वेळची कॉफी जेबेनातली होती. त्यात खोट कुठून काढू?"

झेवदितूनं पळी बाजूला ठेवली आणि शेजारच्या स्टुलावर अंग टाकलं. "मग काकूंना सांगा, कॉफी टाका म्हणावं. तिन्ही कप घेऊन जाईन. आणि सावकाश होऊ द्या, मला घरी जायची अजिबात घाई नाही."

काकूंनी बिया धुतल्या, तव्यावर टाकल्या. झेवदितूनं पाय पसरले, डोळे मिटले. आणि बियांचा पहिला धूर अंगणात येतो न येतो, तोच फाटक पुन्हा वाजलं. फाटकात गेताहुन उभा होता, बगलेत स्टूल.

"पहिला कप झाला नाही ना अजून?" त्यानं विचारलं. "आणि काकू, आच जरा मोठी वाटतेय."